तोंड आलंय, पण कशाने?

मराठी घरात ‘तोंड आलंय’ असे म्हटले की पुढची चौकशी सहसा होत नाही. उष्णता झाली असेल, पोट साफ नसेल, काल तिखट खाल्ले असेल, जागरण झाले असेल. कारणे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जिभेवर तयार असतात आणि उपायही. गंमत अशी की हिंदीतही ‘मुँह आ गया’ असेच म्हणतात. त्यामुळे नोकरीनिमित्त राजस्थानात जाऊन राहिलेल्या मराठी आईला डॉक्टरांपुढे हे वाक्य जुळवताना अडचण पडत नाही. अडचण डॉक्टरांची होते. कारण या दोन शब्दांत निदान डझनभर वेगवेगळे आजार बसतात. त्यातले बरेचसे काहीही न करता बरे होतात. मोजके मात्र असे असतात की चार दिवस थांबले तर फार उशीर होतो.

गोपालपुरा हा जयपूरच्या टोंक रोडला लागून असलेला भाग. इथल्या बायपासवर कोचिंग क्लासचे भले मोठे फलक, हॉस्टेल आणि खानावळी यांची गर्दी आहे आणि आतल्या गल्ल्यांत भाड्याची घरे. अशाच एखाद्या घरात एक तरुण मराठी जोडपे आहे, असे समजा. नवरा सकाळी क्लासवर शिकवायला जातो, बायको दोन-अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन घरी. सासर साताऱ्याला, माहेर कोल्हापूरला. मे महिन्याचे ऊन आणि मूल दोन दिवस तापाने फणफणलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा कप ओठाला लागताच ते किंचाळते, कप ढकलून देते. लाळ गळत राहते. आई हलकेच ओठ खाली करून पाहते, तर आत लाल कडेचे पांढरे फोड.

मग फोन सुरू होतात. साताऱ्याहून सासूबाई सांगतात, “अगं, तिकडचं ऊन बाधलंय त्याला. टाकणखाराची लाही करून मधातून चाटव.” कोल्हापूरहून आई म्हणते, “जाईचा पाला मिळतोय का बघ, आणि तूप लाव.” कोपऱ्यावरचा औषधवाला न विचारताच तोंडात लावायची जेल आणि अँटिबायोटिकची बाटली पुढे करतो. सगळेच मायेने किंवा मदतीच्या भावनेने सांगत असतात. पण ते फोडाबद्दल बोलत असतात. आणि अशा वेळी फोडापेक्षा महत्त्वाचे दोन प्रश्न असतात. मूल पाणी पिते आहे का? आणि हे किती दिवसांपासून आहे?

तपासणी तोंडापासून सुरू होत नाही

चांगला जनरल प्रॅक्टिशनर किंवा बालरोगतज्ज्ञ अशा मुलाला आत आल्याबरोबर ‘आ कर’ म्हणत नाही. आधी तो त्याला आईच्या मांडीवर बसू देतो आणि नुसते पाहतो. मूल रडताना डोळ्यांत पाणी येते का? ओठ सुकले आहेत का? इकडेतिकडे पाहते आहे की मान टाकून पडले आहे? मग आईला विचारतो, ताप आधी आला की फोड आधी? शेवटची लघवी कधी झाली? घरात, शेजारी किंवा पाळणाघरात आणखी कुणाला असे झाले आहे का? गोवराची लस कधी दिली? हल्ली कोणते औषध चालू होते?

त्यानंतर तो तळहात पाहतो, तळपाय पाहतो, गुडघे, कोपर, ढुंगणावरची त्वचा पाहतो. मानेतल्या गाठी चाचपतो. तोंड सगळ्यात शेवटी. कारण एकदा तोंडात चमचा गेला की मूल रडू लागते आणि मग बाकी काहीच तपासता येत नाही.

तोंड पाहण्याचीही एक पद्धत आहे. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मुलाचे पाय आईच्या कमरेभोवती आणि डोके डॉक्टरांच्या मांडीवर. आईने दोन्ही हात धरले की मुलाला तिचा चेहरा दिसत राहतो आणि डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात टॉर्चच्या उजेडात ओठांची आतली बाजू, हिरड्या, दोन्ही गाल, जीभ, जिभेखालचा भाग, टाळा आणि घसा असे सगळे पाहून होते. या अर्ध्या मिनिटात बहुतेक उत्तर मिळते. रक्त तपासावे लागते ते क्वचितच.

फोड कुठे आहेत?

लहान मुलांच्या तोंडातले फोड ओळखताना जागा फार बोलकी असते.

फोड अगदी मागे, पडजीभ आणि टॉन्सिलच्या आसपास असतील, एकाएकी भरपूर ताप चढला असेल आणि हिरड्या स्वच्छ असतील, तर तो बहुधा ‘हर्पँजायना’ नावाचा विषाणूचा आजार असतो. आठवडाभरात आपोआप ओसरतो.

तेच फोड जिभेवर, गालांच्या आत आणि त्याच वेळी तळहातांवर, तळपायांवर, कधी ढुंगणावर उठले, तर तो हँड-फूट-माउथ नावाने ओळखला जाणारा आजार. हे नाव ऐकून गावाकडची मंडळी घाबरतात, कारण गुरांचा लाळ्या-खुरकूत त्यांना ठाऊक असतो. या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गोठ्यातून हा मुलाला होत नाही आणि मुलापासून गुरांना जात नाही. तो कॉक्सॅकी आणि त्याच्या जातीच्या विषाणूंमुळे होतो. भारतात त्याची पहिली मोठी साथ केरळात २००३ मध्ये नोंदली गेली. २००५-०६ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनाही तो आढळला. मे २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात मुलांच्या अंगावर टोमॅटोसारखे लाल फोड दिसले आणि ‘टोमॅटो फ्लू’ नावाने देशभर धास्ती पसरली, तोही पुढे याच कुळातला निघाला.

हा आजार बहुतेक मुलांत सात ते दहा दिवसांत बरा होतो. महिना-दीड महिन्याने काही मुलांची नखे मुळापासून सुटून येतात, तेव्हा आया पुन्हा घाबरतात. पण खालून नवे नख येतच असते. ताप असेपर्यंत आणि फोड सुकेपर्यंत मुलाला पाळणाघरात किंवा बालवाडीत पाठवू नये. विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून लंगोट बदलल्यावर साबण लावून पाण्याने हात धुणे याला पर्याय नाही. सॅनिटायझर या विषाणूंवर तितकासा चालत नाही.

तिसरा प्रकार जास्त त्रासाचा. तोंडाच्या पुढच्या भागात, ओठांवर आणि जिभेवर फोड, आणि सोबत हिरड्या लालभडक, सुजलेल्या, हात लावताच रक्त येणाऱ्या. तोंडाला वास, मानेत गाठी, चार-पाच दिवस ताप. साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हा ‘हर्पीज सिम्प्लेक्स’ विषाणूच्या पहिल्या भेटीमुळे होतो. आपण जिला नागीण म्हणतो ती ही नव्हे. तिचा विषाणू वेगळा, फक्त कूळ एक. हे फोड बरे व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्रास फार असेल आणि मूल पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांकडे पोहोचले, तर असायक्लोव्हिर या औषधाने दुखणे लवकर आटोक्यात येते. नंतर दिले तर फारसा उपयोग होत नाही. म्हणजे ‘चार दिवस बघू’ हा सल्ला इथे नडतो. अशा मुलाने तोंडातले बोट डोळ्यात घालू नये याची काळजी घ्यावी लागते. आणि मोठ्या माणसांच्या ओठाच्या कडेला तापानंतर जे फोड उठतात, ते बहुतेकदा याच विषाणूचे असतात. त्या दिवसांत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये, मग ती आत्या असो की आजोबा. नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते.

ताप नाही, मूल एरवी ठणठणीत, आणि ओठाच्या किंवा गालाच्या आत एक-दोन गोल, मध्ये पिवळट आणि कडेला लाल व्रण, तर ते नेहमीचे ‘तोंड येणे’. दाताने चावले गेले, ब्रश लागला, परीक्षेचा ताण आला, अशी निमित्ते असतात. आठ-दहा दिवसांत डाग न ठेवता भरून येतात.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी एकालाही अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. उलट अँटिबायोटिकमुळे तोंडात बुरशी वाढू शकते आणि एकाची दोन दुखणी होतात.

तान्ह्या बाळाच्या तोंडातले पांढरे

तान्ह्या बाळाच्या बाबतीत प्रश्न फोडांचा नसून पांढऱ्या रंगाचा असतो. दूध प्यायल्यावर जिभेवर उरलेला साय-सायीचा थर ओल्या मऊ कापडाने सहज पुसला जातो. पण गालांच्या आत, ओठांच्या आत दह्याच्या कवडीसारखे चिकटलेले ठिपके असतील, पुसताना निघत नसतील आणि निघाले तर खाली लाल दिसत असेल, तर ती बुरशी, म्हणजे ‘थ्रश’. ते खरवडून काढू नये. डॉक्टर बुरशीवरचे थेंब किंवा तोंडात लावायचे औषध देतात. ते दूध पाजल्यानंतर लावायचे असते आणि ठिपके गेल्यावरही दोनेक दिवस चालू ठेवायचे असते. आईच्या स्तनाग्रांना जळजळ किंवा भेगा असतील, तर दोघांवर एकदमच उपचार करावे लागतात, नाहीतर बुरशी आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते. बाटली वापरत असाल तर बूच रोज उकळावे. आरोग्य केंद्रांतून पाव टक्का जेन्शियन व्हायोलेटचे जांभळे औषध लावण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. दुकानात मिळणारे औषध त्याहून दाट असू शकते आणि दाट औषधाने बाळाचे तोंड भाजते. म्हणून ते स्वतःच्या मनाने लावू नये.

मूल वर्षाचे झाल्यावर, कुठलेही अँटिबायोटिक किंवा दम्याचा पंप चालू नसताना पुन्हा पुन्हा थ्रश होऊ लागला, तर मात्र डॉक्टर थांबतात. त्याची प्रतिकारशक्ती, रक्तातली साखर तपासून पाहण्याचा विचार करतात. तोच ठिपका, पण वय बदलले की अर्थ बदलतो.

बाळाच्या टाळ्याच्या मधोमध मोत्यासारखे बारीक पांढरे दाणे दिसले, तर त्यांना काहीही करायचे नसते. प्रागचे बालरोगतज्ज्ञ आलोइस एपस्टाईन यांनी १८८० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना ‘एपस्टाईनचे मोती’ म्हणतात. बहुतेक नवजात बाळांत ते असतात आणि काही आठवड्यांत नाहीसे होतात. सुईने फोडण्याचा प्रकार काही घरांत होतो, तो धोक्याचा आहे.

कधी बाळ दात घेऊनच जन्माला येते. दोन-तीन हजारांत एखादे. अजूनही काही ठिकाणी हा अपशकुन मानतात, मामाला वाईट म्हणतात, शांती करायला सांगतात. हा बहुधा दुधाचाच एक दात असतो, घाईने आलेला. त्यात शुभ-अशुभ काही नाही. पाहायचे इतकेच की तो हलतो आहे का, कारण सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि त्याच्या घासण्याने जिभेखाली व्रण पडून बाळाने दूध सोडले आहे का. तसे असेल तर दंतवैद्य दात गुळगुळीत करतात किंवा काढतात. काढण्याआधी बाळाला जन्मतः ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाले आहे ना, याची खात्री करतात, म्हणजे रक्त थांबण्यास अडचण येत नाही. बाळंतपणाची कागदपत्रे जपून ठेवण्याचा उपयोग असा होतो.

आजीबाईंच्या बटव्यातले काय ठेवावे?

साताऱ्याच्या सासूबाईंचा टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मोठ्या माणसाच्या तोंडाला लावायला तो पिढ्यानपिढ्या वापरला गेला. पण बाळाच्या शरीरात तो साठत जातो. ब्रिटनमध्ये मध आणि बोरॅक्सच्या मिश्रणात बुडवलेली चोखणी दिलेल्या सात तान्ह्या बाळांना झटके आल्याचे १९८३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. चोखणी बंद केली आणि झटके थांबले. हाच तो आपला मधातला टाकणखार. बोरोग्लिसरीन हे त्याच्याच जवळचे.

शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये. मधात कधी कधी ‘बॉट्युलिझम’च्या जंतूंची बीजे असतात. मोठ्यांना ती पचतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष तयार करू शकतात आणि बाळ लुळे पडते.

दुकानातली सुन्न करणारी जेलही निरुपद्रवी नाही. लिग्नोकेनचे दाट औषध दात येणाऱ्या बाळांच्या तोंडात लावू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला, कारण गिळले गेल्यास झटके आणि हृदयाचे त्रास होऊ शकतात. कोलीन सॅलिसिलेट असलेल्या जेल सोळा वर्षांखालच्या मुलांना वापरू नयेत, असे ब्रिटनने २००९ मध्ये ठरवले, कारण हे औषध ॲस्पिरिनच्या जातीचे आहे. जेलच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचायला हवे ते यासाठी.

मग ठेवायचे काय? साजूक तूप ओठांना लावायला हरकत नाही. जाईचा पाला चावून थुंकणे हे समजत्या मुलाचे काम, दोन वर्षांच्या मुलाच्या घशात पान अडकेल. थंड, मऊ, अळणी खाणे हा तर जुन्या बायकांचा सर्वांत शहाणा सल्ला, आणि आजचा डॉक्टरही तेच सांगतो.

खरे औषध पाणी

फोड आलेले मूल आजाराने कमी आणि न प्यायल्याने जास्त खंगते. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तर हे फार झपाट्याने होते. म्हणून उपचाराचा पहिला भाग म्हणजे दुखणे कमी करणे, कारण दुखले नाही तरच मूल पिणार.

त्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. मात्र ते वयावर न देता वजनावर द्यावे. एका वेळी प्रत्येक किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला दीडशे मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर. बाटल्यांत फरक असतो. कुठल्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असते तर कुठल्या बाटलीत २५०. साताऱ्यात आणलेली बाटली आणि जयपुरात घेतलेली बाटली यांचे ‘एक चमचा’ सारखे नसतात. मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नये.

डोस दिल्यावर अर्ध्या तासाने मूल जरा शांत होते. तेव्हा पाजावे. गार दूध, आंबट नसलेले पातळ ताक, शहाळ्याचे पाणी, जलसंजीवनी, थंड केलेली साबुदाण्याची खीर, पिकलेले केळे कुस्करून. लिंबू सरबत, संत्र्याचा रस आणि टोमॅटोचे सार नको, ते झोंबतात. एकदम कपभर देण्याचा हट्ट धरू नये, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. मोठ्या मुलाला स्ट्रॉ दिला तर पेय फोडांना न लागता आत जाते. बर्फाचा गोळा एरवी नको म्हणणाऱ्या घरात या दिवसांत घरी केलेली दुधाची कुल्फी आनंदाने द्यावी. दोन दिवस पोळी-भाजी गेली नाही तर बिघडत नाही.

आईने घड्याळ लावून पाहायचे ते लघवीचे. सहा-आठ तास लंगोट कोरडा, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त, तान्ह्याची टाळू बसलेली, यांपैकी काहीही दिसले तर मग रात्र असो की सणाचा दिवस, दवाखाना गाठावा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर वाटच पाहू नये. अशा मुलांना कधी एक-दोन दिवस सलाइनवर ठेवावे लागते. जयपूरमध्ये त्यासाठी जे. के. लोन हे मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे.

तोंडातून कळणारी आतली बातमी

काही वेळा तोंड हे आजाराचे घर नसते, ती फक्त खिडकी असते. न्यू यॉर्कचे डॉक्टर हेन्री कोपलिक यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले की गोवराचे पुरळ अंगावर उठण्याच्या एक-दोन दिवस आधी गालांच्या आत, दाढांसमोर, लाल जागेवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. सर्दी, खोकला, लाल डोळे, ताप आणि हे ठिपके एकत्र असतील, तर गोवर समजावा. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरली आणि लहान मुले दगावली, तेव्हा लस चुकलेल्या मुलांचा प्रश्न पुन्हा समोर आला. गोवर झालेल्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. लसीचे दोन डोस, नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, हे मात्र त्याहून सोपे.

पाच दिवस ताप हटत नाही, ओठ लाल आणि चिरलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल दाणेदार, डोळे लाल पण चिपडे नाहीत, हात-पाय सुजलेले, हे सगळे ‘कावासाकी’ आजाराचे वर्णन. जपानचे डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी तो १९६७ मध्ये जगासमोर मांडला. यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात. पहिल्या दहा दिवसांत योग्य इंजेक्शन मिळाले तर धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून ‘किती दिवस’ या प्रश्नाला इतके मोल.

हिरड्यांतून कारण नसताना रक्त, अंगावर निळे डाग, मूल पांढरेफटक, तर त्याच दिवशी रक्त तपासावे. ओठांचे कोपरे चिरलेले आणि जीभ गुळगुळीत, तर रक्तात लोह किंवा बी गटातली जीवनसत्त्वे कमी असू शकतात. दर महिन्याला तोंड येते, पोट फुगते, जुलाब होतात, वजन आणि उंची वाढत नाही, तर राजस्थानसारख्या गहू खाणाऱ्या प्रदेशात डॉक्टरांना ‘सीलिअॅक’ आजाराची शंका यायला हवी. त्यात गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते आणि गहू बंद केल्यावर तोंडही बरे होते. किडक्या दुधाच्या दाताशेजारी हिरडीवर पुळी आली, तर ‘तो दात पडणारच आहे’ म्हणून सोडू नये. गालाला सूज आणि ताप आला की ते दुखणे डोळ्यापर्यंत पसरू शकते. अजून चालायलाही न लागलेल्या बाळाच्या ओठाखालची शीर फाटलेली दिसली, तर डॉक्टर शांतपणे पण नक्की विचारतात, कसे लागले? जबरदस्तीने चमचा खुपसून भरवणे हेही त्याचे एक कारण असते.

उलट काही गोष्टी दिसायला भयंकर आणि असायला निरुपद्रवी. जिभेवर नकाशासारखे सरकणारे डाग, ओठाच्या आत चावल्यामुळे आलेला निळसर पाण्याचा फुगा, दंतवैद्याच्या सुन्न करणाऱ्या इंजेक्शननंतर मुलाने स्वतःच चावून घेतलेला ओठ. पहिल्याला काही करावे लागत नाही, दुसरा राहिला तर सर्जन काढतात, तिसरा आठ-दहा दिवसांत भरतो.

घरापासून दवाखाना लांब असलेल्या मुलांसाठी सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात आरोग्य पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. फाटलेला ओठ-टाळा आणि दातांची दुखणी त्या यादीत आहेत. पथक आले की त्या दिवशी मुलाला शाळा बुडवू देऊ नये.

ज्यांच्या तोंडात कुणी पाहत नाही

तान्ह्याच्या तोंडात आई दिवसातून दहा वेळा पाहते. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की ते पाहणे थांबते. गोपालपुऱ्याच्या हॉस्टेलांत परीक्षेच्या तयारीसाठी घर सोडून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले याच वयातली. खानावळीचे जेवण, अपुरी झोप, परीक्षेची धास्ती. त्यांना वारंवार तोंड येते आणि ती कुणाला सांगत नाहीत. शाकाहारी मुलात बी-बारा जीवनसत्त्व कमी असेल तर साध्या तपासणीत कळते आणि उपचाराने भरून निघते.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. जागे राहण्यासाठी कुणीतरी सुपारीची पुडी पुढे करतो आणि सवय लागते. काही महिन्यांत भाजीतली मिरची झोंबू लागते, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते, तोंड पूर्वीइतके उघडत नाही. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी टाळ्याच्या या ताठरपणाचे वर्णन भारतात केले. आज तो ‘सबम्युकस फायब्रोसिस’ नावाने ओळखला जातो आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्राने आणि राजस्थाननेही २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. पण साध्या सुपारीची पुडी पानाच्या ठेल्यावर आजही मिळते.

तपासायला यंत्र लागत नाही. मुलाला स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांमधून आत घालायला सांगावे. ती जात नसतील तर दंतवैद्याकडे न्यावे. आणि तोंडातला कोणताही व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर वय कितीही असो, तो डॉक्टरांना दाखवावा. सुपारी सुटली की दुखणे तिथेच थांबण्याची शक्यता वाढते, आणि सतराव्या वर्षी ती सोडवणे सदतिसाव्या वर्षापेक्षा कितीतरी सोपे असते.

त्यासाठी रागावून भागत नाही. सुट्टीत घरी आलेल्या मुलाच्या ताटात वरण-भात वाढताना आईने सहज विचारावे, तिखट हल्ली का नको म्हणतोस? आणि उत्तर काहीही आले तरी, टॉर्च घेऊन एकदा म्हणावे, “दाखव बघू, आ कर.”